वॉटरटन ते कॅलगरी: डोंगरातून माळावर उतरण्याचा शेवटचा दिवस

माणगंगाकाठ (धागाकर्ता)

नऊ दिवसांच्या सहलीचा शेवटचा दिवस बहुतेक घरांत गाडी परत करण्याचा, उरलेला शिधा संपवण्याचा आणि मुलांच्या "अजून किती राहिलं?" या प्रश्नाला उत्तरे देण्याचा असतो. आमचाही तसाच जायचा होता. जुलैमध्ये आईला आणि मावशीला घेऊन आम्ही कॅनडातल्या कॅलगरीहून निघालो. एडमंटनवरून जॅस्पर गाठले, तेथून हिमनद्यांच्या कडेने जाणाऱ्या ९३ क्रमांकाच्या रस्त्याने लेक लुईसला आलो, पुढे रेडियम, क्रॅनब्रुक, फर्नी असे ब्रिटिश कोलंबियाच्या अंगाने दक्षिणेला सरकत क्रोजनेस्ट खिंडीतून पुन्हा अल्बर्टात शिरलो आणि आठव्या रात्री वॉटरटन या राष्ट्रीय उद्यानातल्या गावी मुक्कामाला पोहोचलो. त्या आठ दिवसांतल्या सरोवरांची आणि हिमनद्यांची वर्णने इतरांनी माझ्यापेक्षा चांगली लिहिलेली आहेत. मला लिहायचे आहे ते नवव्या दिवसाविषयी, कारण आमच्या घरात आजही बोलणे निघते ते त्याच दिवसाचे.

सकाळी निघण्यापूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स हॉटेलच्या टेकडीवर थांबलो. १९२७ साली उघडलेले हे लाकडी हॉटेल सरोवराच्या तोंडाशी एकटेच उभे आहे, आणि ते बांधले जात असताना वाऱ्याने त्याचा सांगाडा पायावरून काही इंच सरकवला होता, ही हकिगत मी आदल्या रात्रीच सर्वांना रंगवून सांगितली होती. तरीही गाडी वाऱ्याकडे पाठ करून उभी करण्याचा मूर्खपणा मीच केला. मावशीने दाराची कडी उघडताच वाऱ्याने ते दार तिच्या हातातून असे हिसकावून घेतले की बिजागरी वाकली आणि दार पुढच्या पत्र्यावर जाऊन आदळले. गाडी भाड्याची, सात आसनी, आणि रात्री नऊच्या आत परत करायची. मावशी बिचारी पदर सावरत म्हणाली, "मी न्हाई वढलं रं, त्येनंच नेलं." मी आणि मुलाने दार खालून उचलून धरले तेव्हा कोठे ते बंद झाले. त्यानंतर दिवसभर त्या बाजूने कोणी उतरले नाही.

वॉटरटनचे वैशिष्ट्य असे की तेथे डोंगर आणि माळ यांच्यामध्ये पायथ्याच्या टेकड्या जवळजवळ नाहीतच. बॅन्फहून कॅलगरीला येताना डोंगर हळूहळू बसका होत जातो, टेकड्या लागतात, झाडी विरळ होते आणि मग कधीतरी आपण सपाटीवर आल्याचे लक्षात येते. येथे मात्र सहा क्रमांकाच्या रस्त्याला लागून पाचदहा मिनिटे झाली की मागे एक भिंत आणि पुढे नुसते गवत, असा प्रकार असतो. या भागातले मूळ रहिवासी ब्लॅकफूट लोक या रांगेला जगाचा कणा म्हणतात, आणि मागे वळून पाहिले की ते नाव नेमके का पडले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही गाडी कडेला घेतली. आठ दिवस डोंगरांत आई फारशी बोलली नव्हती. "छान हाय, पर मान मोडती बघून," इतकेच तिचे मत होते. आता ती गवताकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर आपला म्हसवडचा माळ हाय की, निस्ता हिरवा केल्याला."

मी माण तालुक्यातला, दहिवडीचा. लहानपणी आम्ही पश्चिमेच्या ढगांकडे बघत असू आणि ते ढग महाबळेश्वरावरच मोकळे होऊन आमच्याकडे रिकामे येत. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सव्वाशे किलोमीटरच्या आत दहिवडीला तो पाचशेच्या आसपास येतो. इथेही तेच. वॉटरटन गाव हे अल्बर्टातले सर्वाधिक पाऊसपाण्याचे ठिकाण समजले जाते, तेथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बर्फ मिळून पडते, आणि जवळपास तेवढ्याच अंतरावरच्या लेथब्रिजला चारशेसुद्धा भरत नाहीत. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर याच्या मोहिमेने हा दक्षिणेकडचा प्रदेश शेतीला फारसा लायक नाही असे लिहून ठेवले होते. पुढे धरणे आणि कालवे झाले, तेव्हा शेती आली. आईला हे सर्व सांगण्याची गरज पडली नाही, गवताची उंची आणि मातीचा रंग बघून तिने ते आधीच ताडले होते.

पिंचर क्रीकच्या आसपास पवनचक्क्या लागतात. कॅनडातली पहिली व्यापारी पवनचक्क्यांची रांग याच भागात, काउली रिज येथे १९९३ साली उभी राहिली, आणि २०१६ साली म्हातारी झाली म्हणून उतरवली गेली; आता दिसतात त्या नव्या आणि कितीतरी उंच आहेत. "चाळकेवाडी," असे आई आणि मावशी दोघी एकदमच म्हणाल्या. त्यानंतर पिवळीधमक शेते सुरू झाली. ही कनोला, म्हणजे मोहरीचीच भावकी. मावशीने फोडणीच्या दृष्टीने दोन प्रश्न विचारले आणि दाण्यांचे फक्त तेल काढतात हे कळल्यावर तिचा रस संपला.

ब्लॅकफूटांपैकीच असलेल्या पिकानी लोकांच्या राखीव प्रदेशातून जाणाऱ्या तीन क्रमांकाच्या रस्त्याने फोर्ट मॅक्लाउडला आलो आणि तेथून हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप या ठिकाणी गेलो. नावाचा सरळ अर्थ "डोके चेचले गेले ती जागा" असा आहे. येथे बायसनचे, म्हणजे अमेरिकेतल्या रानटी गुरांचे, कळप कड्यावरून पाडून शिकार करत. ब्लॅकफूट कथेप्रमाणे एक तरुण कोसळणारी जनावरे जवळून पाहावीत म्हणून कड्याखालच्या कपारीत उभा राहिला, जनावरे अपेक्षेपेक्षा फार पडली आणि त्यांच्या ढिगाऱ्याखाली तो सापडला तेव्हा त्याचे डोके चेचले गेलेले होते. १९८१ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. कड्याच्या पोटात मजल्यांवर मजले बसवून केलेले संग्रहालय १९८७ सालचे असून ते बाहेरून नीट दिसतही नाही.

सुमारे सहा हजार वर्षे या एका कड्यावर शिकार झाली, पण कडा हा त्यातला शेवटचा आणि सोपा भाग होता. खरे काम मागच्या पॉर्क्युपाइन टेकड्यांमधल्या चराऊ खोऱ्यात चाले. तेथून कड्यापर्यंत कित्येक किलोमीटर लांबीच्या, दगडांच्या छोट्या ढिगांच्या दोन दोन रांगा मांडलेल्या आहेत, ज्या कड्याकडे येताना अरुंद होत जातात. वासराचे आणि लांडग्याचे कातडे पांघरलेली तरुण मुले कळपाला दिवसेंदिवस हळूहळू त्या रांगांच्या तोंडाशी आणत. बायसनची नजर अधू आणि नाक तिखट, त्यामुळे सगळा खेळ वाऱ्याच्या दिशेवर असे. कळप एकदा धावू लागला की पुढच्या जनावराला कडा दिसला तरी मागचे त्याला थांबू देत नसत. आज कडा जेमतेम दहा मीटर उंच भासतो, कारण त्याच्या पायथ्याशी हाडांचा आणि मातीचा जवळपास तितकाच खोल थर साचलेला आहे.

तेथे पिकानी समाजातली एक मध्यमवयीन बाई माहिती सांगत होती. आईने मला मध्ये घालून विचारले, "जनावर पाडायच्या आधी ही मान्सं हात जोडत हुती का?" त्या बाईने तो प्रश्न पूर्ण ऐकून घेतला आणि थेट आईकडे बघून उत्तर दिले. शिकारीपूर्वी प्रार्थना आणि गाणी होत, आणि कळपाला बोलावण्यासाठी इनिस्किम नावाचे पवित्र दगड जपून ठेवलेले असत. त्यातले बरेचसे म्हणजे दगड झालेले शंख, नदीकाठी सापडणारे. तिने चित्र दाखवले. आई म्हणाली, "म्हंजी शाळिग्रामच की." मी शाळिग्राम म्हणजे काय हे माझ्या तोडक्यामोडक्या पद्धतीने सांगितले. पुढची पाच मिनिटे त्या दोघी एकमेकींशी काय बोलत होत्या ते मला कळले नाही, कारण मला मुलाला प्रसाधनगृहात न्यावे लागले, आणि परत आलो तेव्हा आईच्या हातात त्या बाईचा हात होता.

नॅन्टनला जुनी लाकडी ग्रेन एलिव्हेटर जपून ठेवली आहेत. रेल्वेच्या कडेला उभे असलेले हे धान्याचे उंच मनोरे एकेकाळी प्रत्येक गावाची खूण होते. आत बादल्यांचा पट्टा धान्य वर चढवतो आणि तेथून ते खणाखणांत किंवा थेट डब्यात सोडले जाते. आपल्याकडे पेव जमिनीत, यांचे आभाळात, एवढ्यावर आमची पाहणी उरकली, कारण ऊन कडक होते आणि सर्वांना आइस्क्रीम हवे होते.

शेवटचा थांबा ओकोटोक्सच्या पश्चिमेला सात क्रमांकाच्या रस्त्यावरचा बिग रॉक. सपाट शेतात मधोमध दुभंगलेला, सुमारे साडेसोळा हजार टन वजनाचा, साधारण तीन मजली घराएवढ्या उंचीचा दगड. आजूबाजूला कोसभर दुसरा खडक नाही. हा दगड जॅस्परच्या बाजूच्या डोंगरांतला आहे आणि शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या पाठीवर बसून तो येथवर आला. आमची डोंगरातली सहल जेथून सुरू झाली तेथलाच. फळ्यावर ब्लॅकफूट लोकांची गोष्टही लिहिली आहे. नापीने, म्हणजे त्यांच्या कथांतल्या खोडकर आद्यपुरुषाने, उकाड्यात आपले पांघरूण या दगडाला देऊन टाकले, थंडी पडल्यावर परत मागितले, दगडाने नाही म्हटल्यावर हिसकावून नेले, आणि दगड त्याच्या मागे गडगडत धावला. शेवटी वटवाघळांनी दगडावर धडका मारून त्याचे दोन तुकडे केले. "दिल्याली वस्तू माघारी घेतली की असंच हुतं," असे मावशीने मुलांना बजावले.

दगडाच्या एका अंगाला तांबड्या गेरूने काढलेल्या पुसट आकृती आहेत. आईने त्या पाहिल्या आणि चपला काढल्या. मावशीने पिशवीतून कुंकवाची डबी काढली, तेव्हा मात्र मी तिला थांबवले. हा दगड संरक्षित आहे, ज्यांचा देव आहे त्यांच्या रीतीने तो आहे, आपण काही लावायचे नाही, असे सांगितले. ती थोडी रुसली. आई म्हणाली, "त्येला शेंदूर हायच की आदीचा, आपुन कशाला?" दोघींनी लांबूनच हात जोडले.

कॅलगरीत पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि सूर्य चांगला वर होता. ज्यांची सहल वॉटरटनला संपते त्यांनी सरळ अडीच-तीन तासांत घर गाठण्याऐवजी हा दिवस असा खर्च करावा का, आणि याहून चांगला मार्ग आहे का, हे जाणकारांनी लिहावे.

बोनदीकाठची

लेख आवडला, पण मार्ग चुकला असे माझे स्पष्ट मत आहे. मी या भागात अठरा वर्षे राहते आणि आपण घेतलेला दोन क्रमांकाचा महामार्ग हा मालवाहू गाड्यांच्या मागे रांगेत जाण्याचा रस्ता आहे. लंडब्रेकजवळून उत्तरेला फुटणारा २२ क्रमांकाचा रस्ता घ्यायला हवा होता. डाव्या हाताला दिवसभर रॉकीजची रांग, उजव्या हाताला पॉर्क्युपाइन टेकड्या, आणि मध्ये गुरांची कुरणे. लाँगव्ह्यूच्या दक्षिणेला बार यू रँच हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, तेथे पूर्वीच्या मोठ्या पशुपालनाचा सगळा पसारा जसाच्या तसा ठेवला आहे आणि वयस्क माणसांना घोड्यांच्या गाडीतून फिरवतात. ओकोटोक्सचा दगड या मार्गावरूनही साधतो.

दुसरे म्हणजे आपण फ्रँकच्या दरडीविषयी एक शब्दही लिहिला नाही. तो थांबा आपण गाळला असेल तर वाईट वाटते.

आणि संध्याकाळी त्या रस्त्यांवर हरणे येतात, तेव्हा नवख्यांनी उजेड असतानाच अंतर संपवावे.

माणगंगाकाठ

बोनदीकाठचीताई, २२ क्रमांकाविषयी आपले म्हणणे मान्य आहे, पण त्या रस्त्याने गेलो असतो तर बफेलो जंप राहिले असते, आणि आईसाठी त्या दिवसाचे सार तेच होते. फ्रँक आम्ही आदल्या दिवशी फर्नीहून येताना पाहिले. २९ एप्रिल १९०३ रोजी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी टर्टल माउंटनचा सुमारे अकरा कोटी टन चुनखडक दीडएक मिनिटात दरीत उतरला आणि फ्रँक गावाच्या कडेची वस्ती गाडली गेली. सत्तर ते नव्वद माणसे मेली असावीत असे मानतात. महामार्ग आजही त्या दगडांतूनच जातो. तेथे मला सर्वांत लक्षात राहिला तो सिड शोकेट हा रेल्वेचा ब्रेकमन, जो अंधारात त्या गरम, हलत्या दगडांवरून धडपडत पलीकडे गेला आणि येणारी प्रवासी गाडी त्याने थांबवली. मावशी तेथे गाडीतून उतरलीच नाही. तिची नणंद आंबेगाव तालुक्यात दिलेली आहे, आणि ३० जुलै २०१४ नंतर माळीणचे नाव त्यांच्या घरात हळू आवाजात घेतले जाते.

गारगोटी

धागाकर्त्यांनी दोन थांबे दोन दिवसांत वेगवेगळे पाहिले आणि वेगवेगळे लिहिले, म्हणून हा प्रतिसाद. फ्रँक आणि बिग रॉक ही एकाच प्रकारच्या घटनेची दोन रूपे आहेत. बिग रॉकच्या कडा पाहिल्यात तर त्या धारदार आहेत, नदीतल्या किंवा हिमनदीच्या तळाशी घासलेल्या दगडासारख्या गोल नाहीत. याचे कारण असे मानले जाते की जॅस्परच्या बाजूला एका दरीत डोंगराची कड कोसळली आणि ती हिमनदीच्या पाठीवर पडली. बर्फाने तो सगळा ढिगारा न घासता, न उलथता, वर वाहून आणला. पूर्वेकडून आलेल्या प्रचंड हिमस्तराने वाट अडवल्यामुळे डोंगरातली हिमनदी दक्षिणेकडे वळली आणि डोंगररांगेला समांतर वाहू लागली, त्यामुळे हे दगड पसरले नाहीत, शेकडो किलोमीटरच्या एका अरुंद माळेत मांडले गेले. बिग रॉक हा त्या माळेतला सर्वांत मोठा मणी. फ्रँकच्या दरडीखाली त्या वेळी हिमनदी असती, तर तेथला चुनखडकही आज कोणाच्या तरी गव्हाच्या शेतात उभा दिसला असता.

दगड गारेचा, म्हणजे क्वार्टझाइट आहे आणि त्याची वाळू साचली तेव्हा जमिनीवर एक झाडही नव्हते. आपला दख्खनचा काळा पत्थर सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, त्याच्यापुढे तो पोरच आहे.

वॉटरटनला पायथ्याच्या टेकड्या का नाहीत, याचेही उत्तर खडकातच आहे. तेथे सुमारे दीड अब्ज वर्षे जुन्या खडकांची एक जाड लादी पश्चिमेकडून पूर्वेला कित्येक दहा किलोमीटर सरकत आली आणि डायनासोरांच्या काळातल्या मऊ खडकांवर चढून बसली. म्हणजे म्हातारा वर आणि नातू खाली. लादीची पुढची कड झिजत मागे गेली, तीच आपण पाहिलेली भिंत. सीमेपलीकडे मोंटानात चीफ माउंटन नावाचा जो सुटा सुळका दिसतो, तो याच लादीचा मागे राहिलेला तुकडा आहे.

आईंना माझा नमस्कार सांगा. शाळिग्राम आणि इनिस्किम यांविषयी त्यांनी केलेले निदान शास्त्रशुद्ध आहे. गंडकीतले शाळिग्राम हे अमोनाइट नावाच्या नष्ट झालेल्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म, आणि इनिस्किम म्हणून जपले जाणारे कित्येक दगड त्याच कुळातले. त्या जागी पूर्वी समुद्र होता, एवढाच दोन्हींचा अर्थ.

कोरडी_हवा

एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. माणदेश आणि दक्षिण अल्बर्टा यांची तुलना ऐकायला गोड आहे, पण ती अर्धीच खरी आहे. हिवाळ्यात ती चांगली बसते. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा ब्रिटिश कोलंबियात पाऊस आणि बर्फ टाकून हलकी होते, बाष्पाचे पाणी होताना सुटलेली उष्णता तिच्यात राहते, आणि पूर्वेकडे उतरताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी ती तापत जाते. हाच चिनूक वारा. जानेवारीत कॅलगरीकर काही तासांत शून्याखाली पंधरावरून शून्याच्या वर येतात आणि पश्चिमेच्या आकाशात ढगांची कमान दिसते, ती याचीच खूण.

उन्हाळ्याचे गणित मात्र निराळे आहे. येथे सर्वाधिक पाऊस जूनमध्ये पडतो, आणि तो बहुधा पश्चिमेकडून येत नाही. दक्षिणेकडून आलेली दमट हवा पूर्वेच्या वाऱ्यांनी डोंगराच्या पूर्व उतारावर ढकलली जाते आणि तेथे मोकळी होते. जून २०१३ मध्ये कॅलगरी आणि हाय रिव्हर बुडाले ते असल्याच पावसाने. वॉटरटनच्या हजार मिलिमीटरमध्येही या उलट्या वाऱ्यांचा मोठा वाटा आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर असा पूर्वेकडून येऊन धुऊन काढणारा पाऊस आपल्याला ठाऊक नाही. परतीचा पाऊस माणदेशाला मिळतो, पण तो डोंगराला धडकण्याइतका दांडगा नसतो.

सस्काटूनचा_पांथस्थ

कॅलगरीकर मंडळी तीनशे किलोमीटरच्या पट्ट्याला प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ, म्हणतात, हे वाचून मौज वाटते. ज्या ठिकाणाहून मागे डोंगर दिसतो, ती प्रेअरी नव्हे, ती डोंगराची ओसरी. माळ अनुभवायचा असेल तर मेडिसिन हॅटच्या पुढे या. सायप्रस हिल्सवर चढून पाहा, रॉकीजपासून लाब्राडोरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यातली ती सर्वांत उंच जागा, आणि तिचा माथा हिमयुगातही बर्फावर डोके काढून होता. तेथून व्हॅल मेरीजवळच्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात या, जेथे रात्री एकही दिवा दिसत नाही. तुमच्या मावशींचा कनोलामधला रस संपला असला तरी आमच्याकडचा मसूर पाहून नक्की परत येईल. भारतात घरोघरी शिजणाऱ्या आयात मसुरीतला मोठा वाटा याच मातीतला आहे. आमच्या गावच्या किराणा दुकानात मात्र तीच मसूर आखाती देशांतून पॅकबंद होऊन परत येते आणि दुप्पट भावाने मिळते.

दाजीपूरकर

बायसनला धागाकर्त्यांनी गवा म्हटले नाही, याबद्दल त्यांचे अभिनंदन. आमच्याकडे उलटा घोळ आहे. राधानगरीचे जंगल वर्षानुवर्षे दाजीपूर बायसन अभयारण्य म्हणून ओळखले गेले, आणि तेथला प्राणी गवा. तो बैलांच्या कुळातला, खांद्यापासून पाठीवर कणा उठलेला, अंगावर केस आखूड आणि पायात पांढरे मोजे. अमेरिकी बायसन निराळा, डोक्याखांद्यावर लोकरीचे ओझे घेऊन फिरणारा. वॉटरटनच्या प्रवेशद्वाराजवळच्या कुरणात काही बायसन ठेवलेले असतात, ते पाहिलेत का? २०१७ च्या केनाउ वणव्यात ते कुरण जळाले आणि काही वर्षांनी जनावरे पुन्हा आणली, असे वाचले आहे.

बायसन गेले कसे, हेही कोणीतरी लिहायला हवे. कड्यावरून सहा हजार वर्षे पाडूनही जे संपले नाहीत, ते बंदुका, चामड्याचा व्यापार आणि रेल्वे आल्यावर काही दशकांत संपले. कोट्यवधींचे कळप होते, ते १८८० च्या दशकाअखेर हजाराच्याही आत आले. १८७७ साली ब्लॅकफूट आणि इतरांनी ब्रिटिश राजसत्तेशी जमिनीबाबत झालेल्या सातव्या करारावर खुणा केल्या, तेव्हा त्यांच्यापुढे उपासमार उभी होती, हे विसरून त्या कराराविषयी बोलता येत नाही.

जूनमध्ये_निघणार

माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. बफेलो जंपला किती चालावे लागते? आणि बिजागरीचे पुढे काय झाले, हे कोणीच कसे विचारत नाही?

माणगंगाकाठ

सर्वांचे आभार. क्रमाने लिहीत नाही, सुचेल तसे लिहितो.

गुडघ्यांची काळजी करू नका. संग्रहालयात उद्वाहक आहे, त्याने थेट सर्वांत वर जावे, तेथून कड्याच्या टोकापर्यंतची वाट थोडी आणि पक्की आहे, आणि मग एकेक मजला खाली उतरत यावे. कड्याखालून जाणारी पायवाट लांब आहे, ती वडिलांनी सोडली तरी चालेल. टोपी मात्र दोरी बांधलेली घ्या.

कोरडी_हवा यांची दुरुस्ती मी आईला फोनवर वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तिकडं येळंला पाऊस येतो का न्हाई?" जूनमध्ये येतो असे सांगितल्यावर ती म्हणाली की मग तो आपला माळ नव्हे. तेव्हा तुलना मागे घेतली आहे.

बायसन पाहिले, पण लांबून आणि मावशीच्या बाजूचे दार न उघडता. पांथस्थ, पुढच्या वर्षी आपल्याकडे नक्की येऊ. गारगोटी, आपला प्रतिसाद छापून भिंतीवर लावला आहे. फ्रँक आणि बिग रॉक यांचा संबंध मला आपण लिहीपर्यंत सुचला नव्हता.

बिजागरीचे म्हणाल तर गाडीच्या कंपनीने बिजागरी आणि पत्रा मिळून बरेच पैसे मागितले. मी क्रेडिट कार्डाच्या विम्यातून दावा केला. त्या अर्जात "घटनेचे कारण" अशा रकान्यात एकच शब्द लिहायला जागा होती, तेथे मी "वारा" असे लिहिले, आणि तीन आठवड्यांनी रक्कम परत मिळाली. वाऱ्याचा रोख लक्षात घेऊन गाडी उभी करावी, एवढे मी शिकलो.

एक गोष्ट लेखात लिहिली नव्हती, कारण तेव्हा मला ती ठाऊक नव्हती. परतल्यावर चार दिवसांनी धुण्याच्या यंत्रात खडखड आवाज आला आणि मुलाच्या चड्डीच्या खिशातून वॉटरटनच्या रेड रॉक कॅन्यनमधला तांबडा, चपटा खडा निघाला. राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलणे बेकायदेशीर आहे, हे मी त्याला तेथे दोनदा सांगितले होते. त्याचा युक्तिवाद असा की जॅस्परचा दगड ओकोटोक्सला आणलेला चालतो, तर हा का चालत नाही. त्यावर मावशीने त्याला नापीच्या पांघरुणाची आठवण करून दिली. गोष्टीत दिलेली वस्तू परत घेतली होती आणि येथे न दिलेली वस्तू घेतली आहे, हा फरक त्याने लगेच दाखवून दिला, पण मावशीपुढे तो टिकला नाही. खडा सध्या दाराजवळच्या चाव्यांच्या वाटीत पडून आहे, आणि सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला तो जिथून उचलला त्या ओढ्यात नेऊन ठेवायचा, असे ठरले आहे.